यमुताई स्मृती वसतिगृहाची वीज तोडण्याबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी (विद्युत मांडणी),
विभागीय तपासणी कक्ष क्र. ४,
नागपूर.

अर्जदार : श्री. रुपराव श्रावण काळबांडे, वय ५८, परवानाधारक विद्युत कंत्राटदार, रा. कन्हान, जि. नागपूर.

विषय : लकडगंजामागील यमुताई स्मृती मुलींच्या वसतिगृहाचा वीजपुरवठा रविवार दि. ३० मार्चच्या आत तोडणेबाबत, आणि अर्जदाराने स्वतः सही केलेला टेस्ट रिपोर्ट खोटा धरणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज दि. १७ फेब्रुवारी, दि. ३ मार्च व दि. १८ मार्च २०२५ (तिन्ही निकाली).

महोदय,

१. वरील तिन्ही अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिले होते. त्याचे अक्षर वाईट नाही, पण मुद्द्याची गोष्ट तो शेवटी सांगतो आणि कार्यालये शेवटपर्यंत वाचत नाहीत. म्हणून हा चौथा अर्ज खाली सही करणाऱ्या अर्जलेखकाकडून लिहून घेतला आहे. लेखकाने सवयीप्रमाणे 'मी' लावून सुरुवात केली, तर अर्जदाराने हात धरला. "अर्जदार असंच लिवा. 'मी' लिवलं का साहेब म्हणते, हा स्वतःसाठी करून राहिला." तेव्हा मुद्द्याची गोष्ट पहिल्याच परिच्छेदात अशी की, सदर वसतिगृहात छत्तीस मुली राहतात, इमारतीची अर्थिंग जोडलेली नाही, ती अर्जदाराने जाणूनबुजून जोडली नाही, आणि रविवारी तिथे बारा कूलर बसणार आहेत.

२. हे कसे घडले ते सांगण्यासाठी भावापासून सुरुवात करावी लागते. या धंद्यात भाव पॉइंटवर ठरतो. दिव्याचा एक पॉइंट, पंख्याचा एक, प्लगचा एक. मालक खोलीखोलीतून बोट दाखवत फिरतो आणि कंत्राटदार मागून मोजत जातो. वसतिगृहाचे मालक श्री. आनंदराव खोरगडे, लाकडाचे व्यापारी, यांच्याशी २१२ पॉइंट मोजले गेले. अर्जदाराने पॉइंटला मालासकट साडेबाराशे सांगितले. आनंदरावांनी आणखी दोघांचे भाव आणलेलेच होते, ते टेबलावर ठेवले. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि भाव अकराशेवर आला. गळती झाली की लाईन बंद पाडणारे सुरक्षा-स्विचही त्याच बैठकीत यादीतून खोडले गेले. "दिवे त्याच्याबिगर लागत नाही का?" असे आनंदराव म्हणाले. लागतात, असे अर्जदाराला म्हणावे लागले, कारण ते खरे आहे.

अर्थिंग पॉइंटात धरत नाहीत. ती कामातच आली असे समजतात. साहेबांना हे ठाऊक आहे, परंतु साहेबांच्या टेबलावर येण्याआधी अर्ज ज्या तीन टेबलांवर मुक्काम करतो त्यांच्यासाठी खुलासा करतो. खड्डा खणून त्यात तांब्याची प्लेट कोळसा-मिठात पुरतात आणि तिथून एक पट्टी मेन बोर्डाला जोडतात. एखाद्या मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो या वाटेने जमिनीत जातो. वाट नसेल तर जो पत्र्याला हात लावेल त्याच्या अंगातून जातो.

३. अर्जदाराने दोन खड्डे खणले, प्लेटा पुरल्या, पट्टी भिंतीपर्यंत आणली. राहिला तो दीड हाताचा तुकडा आणि दोन नट. वीस मिनिटांचे काम. तेवढेच त्याने ठेवून दिले, आणि का ठेवले हे तो लपवत नाही.

काम पुरे करायचे नाही, ही अर्जदाराला त्याच्या उस्तादाने दिलेली पहिली शिकवण. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत काहीतरी आपल्यापाशी ठेवायचे. कोणी पंखे चढवत नाही, कोणी फ्यूज खिशात घालून घरी जातो. कंत्राटदाराची वसुली अशीच होते, कारण त्याच्यासाठी कोर्ट नाही आणि कचेरीही नाही. आनंदरावांनी पुष्कळ इमारती बांधल्या आहेत. पंखे त्यांनी दुसऱ्याच माणसाकडून चढवून घेतले, फ्यूज स्वतः आणले. अर्जदाराजवळ उरला फक्त टेस्ट रिपोर्ट, ज्याच्याशिवाय वीज कंपनी मीटर देत नाही. तोही त्याने दहा दिवस अडवून धरला. तेव्हा आनंदराव स्वतः कन्हानला आले, खाटेवर बसले आणि म्हणाले, "रुपराव, पोरी सामान घेऊन येऊन राहिल्या गा. मीटर लागू दे. दुसऱ्या दिवशी तुझे अडुसष्ट हजार दोनशे तुझ्या हातात. माझ्या मायची आन." वसतिगृहाला नाव त्याच माउलीचे आहे. अर्जदाराने सही केली. रिपोर्टात 'अर्थिंग : पूर्ण' असा रकाना असतो, तिथे बरोबरची खूण केली. पट्टीचा तुकडा मात्र पिशवीत ठेवला, की पैसे मिळताच जाऊन जोडू.

चूक इथे झाली, महोदय. मागे ठेवलेली वस्तू मालकाला खुपली पाहिजे. पंखा नसेल तर घाम येतो, फ्यूज नसेल तर अंधार होतो. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. दिवे लागतात, मिक्सर फिरतो, मोबाइल चार्ज होतात. अर्जदाराने जे तारण ठेवले त्याची उणीव मालकाला कधी भासणार नव्हती, आणि ज्याला भासेल तो सांगायला उरणार नव्हता.

४. मीटर लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत अर्जदाराने लकडगंजात आनंदरावांच्या वखारीवर तेवीस चकरा मारल्या. आधी आनंदराव चहा पाजत, मग दिवाणजी पाणी विचारी, मग फाटकावरचा चौकीदार 'साहेब बाहेरगावी' म्हणून सांगू लागला, आणि गाडी आत उभी दिसे. अर्जदाराचे डोके फिरले. त्या दिवसांत तुकडा पिशवीतच होता. कोणत्याही दिवशी तो आत जाऊन वीस मिनिटांत काम संपवू शकला असता, वसतिगृहाचा चौकीदार तेव्हा त्याला आत सोडतही होता. त्याने ते केले नाही. "फुकटात काहून जोडू? बसू दे तसंच, असं मी म्हनलं," असे त्याने या अर्जलेखकाच्या टेबलापाशी सांगितले. लेखकाने हे वाक्य वगळू का असे विचारले. नको म्हणाला.

५. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कांताबाई नावाच्या एक बाई होत्या, वय साठीच्या आत-बाहेर. पाईप टाकण्यापासून सहा महिने काम चालले, तेव्हा त्या तिथल्या मजुरांचा स्वयंपाक करीत, आणि अर्जदाराला दुपारचा चहा त्यांनीच दिला. गूळ घालून करीत, कारण अर्जदाराला साखरेचा सोसत नाही हे त्यांनी न सांगता ओळखले होते. रविवार दि. ९ फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता टाकी भरायला म्हणून त्यांनी अंगणातली पाण्याची मोटर सुरू केली. मोटर अडखळत होती. तिच्यावर हात ठेवून पाहिला असावा. मुली आंघोळीला उतरल्या तेव्हा बाई मोटरीजवळ पडलेल्या होत्या आणि मोटर चालू होती.

मालकाच्या ओळखीचे डॉक्टर आले. त्यांनी 'हृदयविकाराचा झटका' असे लिहून दिले. वय पाहता कोणाला नवल वाटले नाही. चिरफाड झाली नाही. अंत्यविधीचा खर्च आनंदरावांनी उचलला, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

अर्जदार घाटावर गेला होता. बाईंच्या उजव्या तळहातावर तुरीच्या डाळीएवढा काळा डाग होता. चाळीस वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसाला तो डाग कशाचा ते विचारावे लागत नाही. डॉक्टरांना दिसला नाही, अर्जदाराला दिसला. तिथे जमलेल्या माणसांत तो एकटाच होता, ज्याला माहीत होते की ही बाई कशाने गेली आणि कोणाच्या हाताने. तो तिथून निघाला आणि कन्हानला न जाता थेट वसतिगृहावर गेला.

६. पिशवीत तुकडा होता, पाना होता. चौकीदाराने अडवले. आनंदराव वर गच्चीत होते, त्यांनी वरूनच विचारले की आता काय. अर्जदाराने खालून सांगितले, पैसे नको, वीस मिनिटं आत येऊ द्या. त्यावर आनंदराव म्हणाले ते असे : "मेलेल्या बाईच्या नावावर वसुली करून राहिला का रे? लाज वाटू दे काही." दुसरा कोणी इलेक्ट्रिशियन बोलवा, त्याच्याकडून जोडून घ्या, असेही अर्जदाराने सांगून पाहिले. आनंदरावांना त्यातही डाव दिसला. त्यांचा नेहमीचा वायरमन तेवढा आला, त्याने बोर्ड उघडला नाही, रिपोर्टची झेरॉक्स पाहिली आणि 'अर्थिंग पूर्ण आहे' म्हणून निघून गेला.

मग अर्जदार फाटकाबाहेर उभा राहू लागला. कॉलेजातून येणाऱ्या मुलींना थांबवून तो सांगे की बाई, मोटरीला हात लावू नको, पायात चप्पल घालून बटन दाब. असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मुलींच्या वसतिगृहासमोर उभा राहून मुलींना अडवतो अशी तक्रार होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. यापुढे त्या गल्लीत पाऊल ठेवणार नाही, असे त्याच्याकडून लिहून घेतले गेले. ही बातमी कन्हानला त्याच्या आधी पोहोचली. त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढले आणि ती आतल्या खोलीत जाऊन बसली.

७. आता आपल्या कार्यालयाकडे येतो. पहिल्या अर्जात अर्जदाराने सगळे लिहिले, बाकी रकमेसह. उत्तर आले की प्रकरण पैशाच्या वादाचे दिसते, सबब या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. निकाली.

अर्जदाराने विचार केला की पैशाचा वादच ठेवू नये. तो सीताबर्डीला गेला आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरीकडून शिक्का मारून आणला की, श्री. खोरगडे यांच्याकडून संपूर्ण रक्कम मिळाली असून काहीही येणे नाही. एक पैसा मिळालेला नसताना त्याने हे लिहून दिले. दुसऱ्या अर्जाला ते जोडले. उत्तर आले की उभयपक्षी कोणताही वाद शिल्लक नसल्याचे अर्जदाराच्याच प्रतिज्ञापत्रावरून दिसून येते. निकाली.

तिसऱ्या अर्जात त्याने फक्त कांताबाईंचे लिहिले आणि रिपोर्टवरची सही आपली असून मजकूर खोटा आहे असे कबूल केले. पुरावा म्हणून पट्टीचा तुकडाही पाकिटात घालून दिला. आवक खिडकीवरून तो परत करण्यात आला, कारण अर्जासोबत वस्तू जोडता येत नाही. उत्तर मात्र आठच दिवसांत आले, ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे. मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आहे, मांडणी सुरक्षित असल्याचा परवानाधारक कंत्राटदाराचा रिपोर्ट आहे, आणि सदर कंत्राटदाराविरुद्ध आजवर एकही तक्रार नसल्याने त्याच्या रिपोर्टवर अविश्वास दाखवण्याचे कारण दिसत नाही.

महोदय, तो कंत्राटदार आपल्या खिडकीशी उभा राहून सांगत होता की माझ्यावर विश्वास ठेवू नका. सव्वीस वर्षांच्या परवान्यात त्याने दोन खोटे कागद केले आणि ते दोन्ही आपल्या दप्तरी मान्य आहेत. खरे अर्ज तीन केले, ते तिन्ही निकाली निघाले. हा अर्ज लिहिणारा स्वतः चौतीस वर्षे सरकारी नोकरीत अव्वल कारकून होता. 'निकाली' हा शब्द त्याने या हाताने किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब नाही. कागदाला कागद जुळला की फाईल बांधायची, हे त्याने नव्या कारकुनांना शिकवले आहे. आज त्याला त्याचा संताप येतो आहे, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

८. कांताबाईंच्या जागी आता त्यांची सून गोपिका स्वयंपाक करते. तोच ओटा, तीच मोटर. अर्जदार बंदी असल्याने गल्लीत गेला नाही, भाजीबाजारात तिला भेटला. तिने अर्ज द्यावा, डागाचे सांगावे, अशी विनवणी त्याने केली. ती म्हणाली, "काका, डाग म्याबी पाहिला. पन माझे दोन लेकरं हायेत. तुमच्यापायी हे काम गेलं त मले कोन देईन?" तिला दोष देण्याचा अधिकार अर्जदाराला नाही. मोटर सुरू करताना लाकडी पाटावर उभी राहा, एवढे त्याने तिला सांगितले. ती उभी राहते. कूलरची बातमी तिनेच दिली.

नागपुरात राहणाऱ्याला कूलरचे वेगळे सांगायला नको. होळी झाली की माळ्यावरून उतरतात, गवत बदलते, पंप बदलतो, आणि दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यात पाणी भरताना कोणीतरी करंटला चिकटते. पेपरात चार ओळी येतात. आनंदरावांनी लोखंडी पत्र्याचे बारा कूलर जुन्या बाजारातून घेतले आहेत आणि रविवारी पाडव्याच्या मुहूर्तावर ते खिडक्यांच्या लोखंडी जाळीला टेकून बसणार आहेत. एका खोलीत तीन मुली. पाणी त्यांनी स्वतः बादलीने भरायचे, असा नियम भिंतीवर लागला आहे. ओली फरशी, अनवाणी पाय, एका हातात बादली आणि दुसरा हात पत्र्यावर. अर्जदाराला हे झोपेत दिसत नाही, कारण झोप येत नाही. ते त्याला दिवसा, दुसऱ्यांच्या घरी काम करताना दिसते. म्हणून त्याने महिनाभरापासून कामे घेणे बंद केले आहे.

९. सबब विनंती अशी की,

(अ) वसतिगृहाची वीज आज किंवा उद्या तोडावी. आज गुरुवार आहे. शनिवार-रविवार आपले कार्यालय बंद असते. मार्चअखेरची कामे आहेत हे लेखकाला चांगले माहीत आहे.

(ब) ते शक्य नसेल तर आपला एक माणूस, शिपाई असला तरी चालेल, अर्जदारासोबत वीस मिनिटे द्यावा. अर्जदार काम करील, निघून जाईल, काही मागणार नाही.

(क) अर्जदाराचा परवाना रद्द करावा. परवाना रद्द झाला तर त्याची सही संशयास्पद ठरेल, आणि सही संशयास्पद ठरली तर निदान कोणीतरी जाऊन बोर्ड उघडून पाहील, असा त्याचा हिशेब आहे. पोट कशावर भरणार असे लेखकाने विचारले, तर त्याने पिशवीतून परवान्याची मूळ प्रत काढून अर्जाला जोडायला दिली.

(ड) कांताबाईंच्या मृत्यूबद्दल अर्जदारावर जो गुन्हा लागू होत असेल तो नोंदवण्यासाठी हाच त्याचा कबुलीजबाब समजावा. शिक्षेबाबत त्याचे काही म्हणणे नाही. फक्त अटक करायची झाल्यास वरील वीस मिनिटांनंतर करावी.

आपला नम्र, आणि स्वतःविरुद्धचा तक्रारदार,

(सही)
रुपराव श्रावण काळबांडे
नागपूर, दि. २७ मार्च २०२५

सोबत : टेस्ट रिपोर्टची प्रत (मजकूर खोटा). प्रतिज्ञापत्राची प्रत (मजकूर खोटा). परवाना, मूळ प्रत (खरा).

ता. क. : दोन प्रती करून एकीवर कार्यालयाची पोच घ्यावी, असा या टेबलाचा रिवाज आहे. लेखकाने निवृत्तीनंतर इथे बसून दुसऱ्यांना हेच शिकवले की कागद द्या पण पोच सोडू नका, उद्या काही झाले तर तीच तुम्हाला वाचवील. अर्जदाराने दुसरी प्रत करू दिली नाही. अर्ज देऊन तो आपल्या कक्षाबाहेरच्या बाकावर बसणार आहे, तेव्हा त्याला पोच देऊन घरी पाठवू नये. कारण विचारले तेव्हा तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहितो : "कागद भेटला त मी सुटलो ना साहेब. उद्या काही झालं त मी म्हनीन, म्या सांगतलं होतं. मंग मी घरी जाईन, जेवीन, निजीन बी. पोरीयले कोन सोडवन?"

अर्ज लिहून देणार,
कृष्णकांत देवपुजारी
निवृत्त अव्वल कारकून, अर्जलेखक
(लेखनाचे शुल्क घेतलेले नाही.)